लाडवाच्या पुढचं पान

“अप्पा, निषेध करणार का?”

अप्पा रेठरेकर ओट्यावर बसून सुपातल्या बेदाण्याच्या काड्या निवडत होते. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिनक्रम ठरलेला होता. सकाळी काड्या निवडायच्या, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी गल्लीतल्या कोणाला तरी बेकायदेशीर गाडी लावताना पकडायचं. माझा प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“कशाचा?”

“‘चौथी पंगत’चा.”

वरातीतून काढून टाकलेला म्हातारा घोडा, गल्लीतून बँड गेला की कसा कान टवकारतो, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर झालं.

“ती अजून आहे?”

“आहेत की. तुमच्या समोरच राहतात.”

“बाई नव्हे रे. कादंबरी.”

“तीच तर पंचाईत आहे अप्पा. असून नसल्यासारखी आहे.”

अप्पांनी सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते काळी फीत घेऊन. फितीला डांबरगोळ्यांचा असा वास मारत होता की ओट्याखालचं मांजर उठून गेलं.

“पहिली आवृत्ती तिची,” अप्पा म्हणाले. “पुढच्या सगळ्या माझ्या. हे आधी लक्षात ठेव.”

मी मान डोलावली. खरं तर मला नाचावंसं वाटत होतं.

मी दिगू शिंत्रे. तासगावात माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, प्रचारसभा, पाणीपट्टी भरा, अमुक यांचं दुःखद निधन, सगळ्याला माझाच आवाज. रिक्षावर दोन भोंगे लावून मी गावभर फिरायचो. लोक माझ्यावर विश्वास ठेवायचे, आणि माझ्यासारख्या माणसावर लोकांचा विश्वास असणं ही फार मजेची गोष्ट असते. तेव्हा मी पस्तिशीत होतो. आज पन्नाशी उलटली, पण माझ्यात सुधारणा नाही.

त्या समोर राहणाऱ्या बाई म्हणजे विमल हळबे. हायस्कूलला आम्हाला मराठी शिकवायच्या. वर्गात बेडूक सोडणारा मी, आणि बेडूक बघून त्याच्यावर चार ओळींचं वर्णन लिहायला लावणाऱ्या त्या. असं आमचं नातं. गावात त्यांच्या पाठीमागं त्यांना लाडूवाल्या बाई म्हणायचे. लाडू त्यांनी कधी विकला नाही. लाडू होता त्यांच्या कादंबरीत.

कादंबरीचं नाव ‘चौथी पंगत’. बाईंनी विशीत लिहिलेली. त्यात गोदा नावाची एक सून आहे. घरात लग्न असो की मुंज, ती जेवायला बसते चौथ्या पंगतीला. म्हणजे पुरुष उठले, पोरं उठली, पाहुण्या बायका उठल्या, की मग पातेल्याच्या तळाला जे चिकटलं असेल ते. पुढं तिचा नवरा जातो. तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला लाडू वळलेले असतात. स्वयंपाकघरात कोणी नाहीसं बघून गोदा एक लाडू उचलते, खाते, आणि हसते.

बस, एवढंच. पण ते चाळीसेक वर्षांपूर्वीचं तासगाव. एका साप्ताहिकानं नेमका तेवढाच उतारा काळ्या चौकटीत छापला. अप्पांनी तेव्हा नुकतंच सदाचार मंडळ काढलं होतं, वय बावीस-तेवीस. मंडळानं भर चौकात प्रती जाळल्या. वाचनालय घाबरलं आणि त्यांनी ठराव केला की हे पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवावं, आणि ज्याला पाहिजे त्यानं कारणासह अध्यक्षांकडे अर्ज करावा.

गंमत अशी की कपाट काचेचं होतं.

म्हणजे आत एकटं एक पुस्तक, बाहेर पितळी कुलूप आणि आरपार दिसणारी काच. याच्याइतकी भारी जाहिरात मी माझ्या सगळ्या भोंग्यांनी मिळून केलेली नाही. कॉलेजात गेलेलं प्रत्येक पोरगं अर्ज करायचं. मीही केला होता. कारण म्हणून मी ‘चारित्र्यसंवर्धन’ लिहिलं आणि तो मंजूर झाला. वाचनालयाच्या मागच्या पटांगणात उभ्याउभ्या एकसष्ट पानं वाचली, लाडू आला, हसू आलं, म्हटलं एवढंच, आणि पुस्तक परत केलं. सगळे असंच करायचे. पुण्या-मुंबईतही तेच. निषेधाच्या बातमीवर आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत होत्या.

बाईंना याचा भयंकर राग. त्या म्हणायच्या, माझी कादंबरी दोनशे नव्वद पानांची आहे आणि लोक एकसष्टाव्या पानावरनं घरी जातात. शेवटी निवृत्तीनंतर त्यांनी वाचनालयाच्या मागं लागून तो जुना ठराव रद्द करून घेतला. कुलूप काढायचा छोटासा कार्यक्रम झाला, माईक माझाच होता. पुस्तक उघड्या फळीवर आलं, डोळ्यांसमोर, कोणीही घ्यावं असं.

कोणीही घेतलं नाही.

आमच्या ग्रंथपाल मुजावर मॅडम कधी हसायच्या नाहीत, पण त्यांच्याशी बोलून माणूस हसतच बाहेर यायचा. त्या मला म्हणाल्या होत्या की उघड्यावर ठेवल्यापासून ते पुस्तक एकदाही बाहेर गेलेलं नाही, त्याच्यामागं पालीनं संसार थाटलाय आणि पालीनंही काही वाचल्याचं दिसत नाही.

त्यातच पुण्याहून प्रकाशक आले. बेहेरे त्यांचं नाव. मी तेव्हा बाईंच्या घरची बेल दुरुस्त करत होतो, म्हणजे बेल केव्हाच दुरुस्त झाली होती, मी ऐकत होतो. बेहेरेंचं म्हणणं, नवी आवृत्ती काढू, पण मुखपृष्ठावर लाल पट्टी लावू, ‘भर चौकात जाळली गेलेली कादंबरी’. बाईंनी त्यांना चहा दिला, चिवडा दिला आणि नाही म्हणाल्या. बेहेरे माणूस सभ्य. ते म्हणाले, बाई, मग पट्टीशिवाय मागणी आहे एवढं मला दाखवा, मी उद्या छापतो.

ते गेल्यावर मी स्टुलावरूनच म्हटलं, “बाई, लावू देत की पट्टी. काय फरक पडतो?”

“शिंत्र्या, माझं हृदय किती चालतंय ते डॉक्टरांना विचार,” त्या म्हणाल्या. “मला जायच्या आधी एकदा, एकदाच, कोणीतरी माझं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं बघायचंय. पट्टी लावून छापलं ना, तर माझ्या शोकसभेत लाडू वाटतील.”

मी म्हटलं, बाई, कुलूप होतं तोवर पुस्तक होतं. कुलूप काढलं आणि पाल आली. लोकांना भांडण लागतं. त्यावर त्यांनी मला शाळेत बघायच्या तसं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या की पुस्तकात दम असेल तर ते आपल्या पायांनी चालेल, आणि नसेल तर तुझ्या भोंग्यांनी चालायचं नाही. आणि जाताजाता, “कसलाही उद्योग करायचा नाही. कळलं का?”

कळलं की. बाईंनी नको म्हटलेली कुठली गोष्ट मी आजवर सोडली होती?

बेत साधा होता. वाद उकरून काढायचा. लोक पुस्तक मागायला धावतील, मुजावर मॅडम त्याची नोंद बेहेरेंना कळवतील, बेहेरे पट्टीशिवाय छापतील, आणि बाईंना वाटेल पुस्तक आपल्या पायांनी चाललं. अप्पा तयार होतेच. मुजावर मॅडम मात्र खोट्याला तयार नव्हत्या. त्यांनी अट घातली की फलकावर एकही खोटं वाक्य लिहिणार नाही. मग त्यांनी पुस्तक फळीवरून काढून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि फलकावर लिहिलं, ‘चौथी पंगत या पुस्तकाबाबत ग्रंथपालांकडे खासगीत विचारावे.’ त्यातला खासगीत हा शब्द त्यांनी लाल खडूनं लिहिला. त्या दिवसापासून मी त्यांना गुरू मानतो.

शुक्रवारी मी रिक्षा काढली. “ऐका, तासगावकर, ऐका. ‘चौथी पंगत’ या कादंबरीच्या विरोधात उद्या सकाळी वाचनालयाच्या पटांगणात जाहीर निषेध. निषेध नेमका कशाचा, हे रिक्षावरून सांगता येत नाही. महिलांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय.”

आता माझी रिक्षा कुठलीही बातमी असली तरी एकाच वाटेनं जाते. वर्षानुवर्षांची सवय. हँडल आपोआप वळतं. पहिली गल्ली आमची, म्हणजे अप्पांची, म्हणजे बाईंची. त्यांच्या खिडकीखालून ‘महिलांसाठी स्वतंत्र सोय’ हे शब्द दोन भोंग्यांतून गेल्यावर मला कळलं की मी काय केलं. वर पाहिलं तर खिडकी उघडी होती आणि खिडकीत बाई होत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली. मला तर वाटलं, जमिनीत गडप व्हावं. पण बोलणी उद्यावर टाकून मी पुढं निघालो, कारण अजून अर्धं गाव राहिलं होतं.

शनिवारी पटांगण भरलं. कॉलेजच्या पोरी, शिकवण्यांची पोरं, बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाणाऱ्या बायका डबा घेऊन कामावर जाता जाता थांबलेल्या, आणि काहीही असलं तरी येणारे ते नेहमीचे. पायरीवर खुर्ची, खुर्चीत अप्पा. इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, तोंडावर काळी फीत. फितीच्या वासानं पुढच्या रांगेतले लोक जरा मागं सरकून बसले होते. मी समोर उंच स्टँडवर माईक लावला.

अप्पांनी फीत खाली ओढली आणि भाषणाला सुरुवात केली. नाझर माणूस, जप्तीच्या मालाचा लिलाव पुकारून पुकारून आवाज कमावलेला. भारतीय संस्कृती, मातृशक्ती, पंगतीचं पावित्र्य, असं करत करत ते लाडवापाशी आले. “आणि अशा प्रसंगी, तेराव्याच्या दिवशी, ती स्त्री लाडू खाते. आणि हसते.”

ते थांबले. चाळीस वर्षांपूर्वी इथं आरोळ्या उठल्या असणार. त्यांनी वाट पाहिली.

पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, “मग?”

“मग काय?”

“मग पुढं काय करते?”

“पुढं काय म्हणजे? लाडू खाते.”

“एवढंच?”

मागून शेडवरची एक बाई म्हणाली, “दोन खायला पायजे होते.” सगळं पटांगण हसलं. कोणीतरी विचारलं की लाडू कशाचा होता. कोणी म्हणालं, आमच्याकडं तेराव्याला जिलबी असते. अप्पांनी संस्कृतीवर आणखी जोर दिला, पण आता लोक माना वळवून एकमेकांना आपापल्याकडचे तेराव्याचे पदार्थ सांगायला लागले होते. बायकांनी डबे उचलले. पोरांनी मोबाइल काढले. निषेधाला सगळं होतं, माईक, खुर्ची, फीत, फक्त विरोध करायला माणूस नव्हता.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचं हे बघणं मला अजून आठवतं. चाळीस वर्षं त्यांनी जपून ठेवलेली भानगड लोकांना भानगड वाटतच नव्हती. आणि भानगड गेली म्हणजे बाईंची आवृत्तीही गेली. मी घाईनं फिल्मी गाणं लावून गर्दी थांबवावी का या विचारात होतो, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि हळबेबाई उतरल्या.

पांढरी साडी, हातात काठी आणि दुसऱ्या हातात ‘चौथी पंगत’ची त्यांची स्वतःची प्रत. लोकांनी वाट दिली. माझ्याजवळून जाताना त्या हळूच म्हणाल्या, “तुला नंतर बघते.” मग थेट पायऱ्यांपाशी गेल्या. चाळीस वर्षं समोरासमोर राहून हे दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. दूधवाल्यालासुद्धा दोघांकडं वेगवेगळ्या वेळी जावं लागायचं.

“रेठरेकर, उठा,” बाई म्हणाल्या. “विरोध करताय ना? मग वाचा. काय आहे ते लोकांना वाचून दाखवा.”

अप्पांनी पुस्तक घेतलं. एकसष्टावं पान शोधावं लागलं नाही, पुस्तक आपोआप तिथंच उघडलं. त्यांनी लिलावाच्या आवाजात वाचायला घेतलं.

“‘गोदाने लाडू तोंडात घातला. बेदाणा दाताखाली आला, आणि तिला हसू आले. ते हसू तिने दाबले नाही.’” अप्पांनी विजयानं लोकांकडं पाहिलं आणि पुस्तक मिटायला लागले.

“थांबलात का?” बाई म्हणाल्या. “पान उलटा.”

“एवढंच तर होतं.”

“साप्ताहिकात एवढंच होतं. उलटा.”

अप्पांनी पान उलटलं. लोक उठता उठता थांबले होते, कारण बाईंच्या त्या आवाजात उठायची कोणाची छाती नसते. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. अप्पा वाचायला लागले.

“‘मग तिने दुसरा लाडू पदराखाली घेतला आणि ती माजघराच्या अंधारात गेली. म्हातारी सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. मुलगा गेल्यापासून तिला जेवलीस का म्हणून कोणी विचारले नव्हते, आणि भूक लागली असे म्हणायची सोय नव्हती. गोदाने लाडू तिच्या हातावर ठेवला. म्हातारीने तो चाचपला, हुंगला. मग अगदी हळू तिने विचारले, ‘आणखी आहेत का ग?’’”

अप्पांचा आवाज लिलावातून कधी उतरला ते कळलंच नाही. शेवटचं वाक्य तर त्यांनी जवळजवळ स्वतःशीच वाचलं.

“हे मला माहीत नव्हतं,” अप्पा म्हणाले.

“पुस्तकात होतं.”

अप्पांनी पुस्तकात बोट ठेवलं आणि बाईंच्या जवळ सरकले. आवाज अगदी खाली आणला, दोघांपुरता. “बाई, तुमच्या खिडकीतून आमचं स्वयंपाकघर दिसायचं.”

“दिसायचं.”

“वडिलांच्या तेराव्याला आई अशीच हसली होती. लाडू हातात घेऊन. मी दारात होतो, तिला दिसलो नाही. त्यानंतर वर्षाच्या आत तुमचं हे आलं. मला वाटलं तुम्ही पाहिलंत आणि जगाला सांगितलंत. ही कोणाची गोष्ट असं कोणी विचारायच्या आत मी जाळून टाकलं.”

बाईंनी चाळीस वर्षांपूर्वीची हाक मारली.

“त्र्यंबक, तुझे वडील गेले तेव्हा मी कोल्हापूरला मास्तरकीचं बी.टी. करत होते. तुझ्या आईला मी कशी बघणार? गोदा? ती माझी आई आहे.”

आणि तेव्हा मला दिसलं की माईक चालू आहे.

मी बंद केला नव्हता. दोघं उभे होते ते बरोबर स्टँडच्या पुढ्यात. ‘ती माझी आई आहे’ हे वाक्य दोन भोंग्यांतून पटांगणावर, रस्त्यावर आणि समोरच्या हॉटेलात जाऊन पोचलं होतं. हॉटेलातला पोऱ्या नव्हे, खुद्द मालक चहाचं भांडं हातात धरून दारात उभा होता.

माझा हात बटणाकडं गेला. पण त्याआधीच मागून आवाज आला. मघाशी दोन लाडू म्हणाली होती तीच बाई. “आमची सासू बी हसली होती,” ती म्हणाली. “जिलबी खाल्ली होती तिनं. कढईतली, गरम.”

“माझ्या आत्यानं बासुंदी प्यायली,” दुसरी म्हणाली. “वाटीनं नाही, पळीनं.”

“आमच्या आजीनं तर नवरा गेल्यावर पहिल्यांदा पान खाल्लं.”

“मी खाल्ली पुरणपोळी,” एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकवून म्हणाली, आणि सगळ्या तिच्याकडं वळल्या. “काय बघता? ताटात गरम कधी पडलीच नव्हती. ते गेले त्याचं रडू आलंच. पण पोळी चांगली झाली होती.”

मग काय विचारता. जी ती उठून सांगायला लागली. कोणाच्या आईनं काय खाल्लं, कोणाच्या मावशीनं कुठं लपवलं, कोणाची काकू कोठीच्या खोलीत सापडली. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या, हसताहसता डोळे पुसत होत्या आणि परत हसत होत्या. मी माईक हातात घेऊन गर्दीत घुसलो, एकीकडून दुसरीकडं, श्रीखंड, घारगे, गुळाचा सांजा. असला कार्यक्रम मी जन्मात केला नव्हता. एक काका ताठ उभे राहून म्हणाले की हे सगळं फार वाईट आहे, तर त्यांच्या बायकोनं त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं आणि मला म्हणाली, “माईक इकडं आण, मला पण सांगायचंय.”

आणि या सगळ्या गलक्यात मघाचीच ती पोरगी, ‘मग?’ म्हणणारी, ओरडली, “काका, आणखी होते का पण? लाडू?”

सगळ्यांच्या ध्यानात आलं की म्हातारीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

अप्पांनी चष्मा सारखा केला आणि वाचायला लागले. बाई त्यांच्या खुर्चीत बसल्या. मध्येच म्हणाल्या, “स्वल्पविराम आहे तिथं. पळू नकोस.” अप्पा थांबले, मागं जाऊन पुन्हा वाचलं. शेडवरच्या बायका कामावर उशिरा गेल्या. काही गेल्याच नाहीत. अप्पांचा घसा बसला तेव्हा त्या पोरीनं वाचलं, मग मुजावर मॅडमनी वाचलं, त्यांच्या त्या न हसणाऱ्या आवाजात, आणि गोदाचा दीर खानावळीत उधारी मागायला येतो तो प्रसंग त्यांनी असा वाचला की लोक लोळले. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा आले. नंतर पटांगणात रोज वाचन व्हायला लागलं. ज्यांना धीर निघेना ते मॅडमकडं खासगीत विचारायला जायचे, आणि एका प्रतीवर एवढ्या उड्या पडल्या की मॅडमनी स्वतःच बेहेरेंना फोन केला.

पहिल्या दिवशी सगळं पांगल्यावर मी बाईंसमोर कान पुढं करून उभा राहिलो. म्हटलं, ओढा. पण बोलायचं ते मी बोललोच. “बाई, माझ्या भोंग्यांनी गर्दी आणली की नाही?”

“आणलीस,” त्या म्हणाल्या. “आणि निम्मी उठून चालली होती. ती कशानं बसली?”

त्यांनी कान ओढला तो ओढलाच.

बेहेरे आले, दोन दिवस पटांगणात मांडी घालून बसले आणि पट्टीचं नाव न काढता करार केला. पण मला काही राहवेना. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की पट्टी पाहिजेच, फक्त मजकूर माझा. त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी मजकूर वाचला, ओठ दाबले आणि म्हणाल्या, खरं आहे ते छापायला माझी हरकत नाही.

नवी आवृत्ती आली तेव्हा पहिली प्रत द्यायला मी बाईंकडं गेलो होतो. एव्हाना दूधवाला दोन्ही घरी एकाच फेरीत यायला लागला होता. बाई पुस्तकावरून हात फिरवत होत्या, वास घेत होत्या, आणि तेवढ्यात अप्पा आले. त्यांच्या हातात त्यांची प्रत होती, आणि दुसऱ्या हातात तिच्यावरची फाडून काढलेली लाल पट्टी. पट्टी त्यांनी बाईंसमोर टेबलावर ठेवली. ‘या कादंबरीला आता कोणाचाही विरोध नाही.’

“हे कोणी ठरवलं?” अप्पांनी विचारलं. “मला विचारलं?”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“तुझा विरोध आहे?” बाई म्हणाल्या.

“आहे.”

“लाडवाला?”

“लाडवाचं काय आता? शेवटाला.” अप्पा खुर्ची ओढून बसले. “गोदानं खानावळ उभी केली, नावारूपाला आणली, आणि शेवटी ती किल्ल्या हाताखालच्या पोरीच्या हातात देऊन हुबळीच्या गाडीत बसते. का? चालती खानावळ सोडून कोण जातं? तिथं कोण आहे तिचं? मी तीन वेळा वाचलं. मला पटलेलं नाही. तुम्ही चुकलात बाई तिथं, साफ चुकलात.”

बाईंनी हातातली प्रत मिटली. मला वाटलं आता हृदयाची गोळी द्यावी लागते की काय. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मी हललोच नाही. फळ्यावर सगळ्यात अवघड प्रश्न लिहून वर्गाकडं वळायच्या, तेव्हा त्या अशा दिसायच्या.

“चुकले?” त्या म्हणाल्या. “दोनशे चौऱ्याहत्तर पान काढ. शिंत्र्या, तू घरी जा आणि दार लावून घे. आज आम्ही भांडणार आहोत.”

मी दार लावून घेतलं आणि खिडकीखाली जाऊन बसलो.